जवसाची वेणी

प्रिय ईरा आणि नील,

मागच्या रविवारी ईरा फोनवर म्हणाली की शाळेने त्यांना जुन्या घरांचं संग्रहालय दाखवायला नेलं होतं. तिथे एक बाई खिळ्यांच्या फळीवरून सोनेरी झुपका ओढत बसली होती. "आजी, तो अगदी माझ्या केसांसारखा होता, पण ते केस नव्हतेच, झाड होतं. तुला खरं वाटणार नाही," असं ती म्हणाली. मला खरं वाटलं. तसा झुपका मी एकदा हातात घेतला आहे, तुमच्या डेन्मार्कपासून फार दूर, गोंदियाला, माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी उभी राहून. तो कोणी आणला आणि कशासाठी, हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. मध्येच आवाज तुटतो आणि नीलला खेळायला जायचं असतं. म्हणून लिहिते आहे. बाबा वाचून दाखवतील. अडेल तिथे त्यांना विचारा. त्यांनाही रामटेके सरांनीच इंग्रजी शिकवलं.

रामटेके सर आणि मी एकाच शाळेत इंग्रजी शिकवत होतो. मी सकाळच्या पाळीत, ते दुपारच्या. ते मुर्रीत राहायचे. मुर्री म्हणजे गोंदियाच्या अगदी कडेचं गाव, अर्धं शेतात आणि अर्धं शहरात. उंच, सडपातळ माणूस. पांढरा सदरा, खिशात दोन पेनं आणि खडूचे तुकडे. त्या खडूंमुळे खिशाचा कोपरा कायम भुरकट असायचा. सायकल इतक्या हळू चालवायचे की ती पडत कशी नाही याचं मुलांना कुतूहल वाटायचं. वाटेत दुकानाच्या पाटीवर नवा शब्द दिसला की पाय टेकवून थांबायचे. सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसायचे, पुन्हा वाचायचे आणि मग पुढे निघायचे.

आमच्याकडे अनोळखी माणूस भेटला की पहिला प्रश्न असतो, "कोणतं गाव?" सर हाच प्रश्न शब्दांना विचारायचे. वर्गात कोणी वाचता वाचता अडखळलं की म्हणायचे, "थांब. हा कोणत्या गावचा?" मग तो शब्द कोणत्या देशातून निघाला, कुठे मुक्काम केला, कोणाच्या घरी राहून काय शिकला, हे सांगण्यात तास संपायचा. माणसांनाही ते गावच विचारायचे. आडनाव विचारताना मी त्यांना कधी ऐकलं नाही.

त्यांच्याकडे नागपूरच्या जुन्या बाजारातून आणलेला एक जाडजूड शब्दकोश होता. प्रत्येक शब्दाच्या मुळाची माहिती त्यात होती. त्यातले सगळ्यात लाडके शब्द होते केसांचे आणि जवसाचे. हे दोन्ही एकत्र का, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "मॅडम, युरोपातले लोक जवस नेसत होते. आपण त्याची चटणी करतो, तेल काढतो. त्यांनी त्याचा धागा काढला, विंचरला, त्याची वेणी घातली. त्यांच्या डोळ्यांपुढे दोन्ही गोष्टी एकच दिसत असतील." मग त्यांनी सांगितलं की इंग्रजीत जवसाला जो 'फ्लॅक्स' शब्द आहे, तो गुंफणं, वेणी घालणं या अर्थाच्या मुळाशी नेतात. रशियन, पोलिश अशा भाषांत वेणीला 'कोसा' म्हणतात आणि तिचं मूळ विंचरण्यात आहे. जवस विंचरल्यावर जो चोथा उरतो, त्याचा जुना इंग्रजी शब्दही त्याच मुळाचा. सभेत वक्त्याला मध्येच टोचून बोलण्याला इंग्रजीत 'हेकल' म्हणतात, तो शब्द तर जवस विंचरायच्या खिळ्यांच्या फणीचा. हे कळल्यापासून शिक्षकांच्या बैठकीत कोणी त्यांचं बोलणं तोडलं की सर हसून म्हणायचे, "विंचरा, विंचरा."

आणि तुमची भाषा. तुमच्याकडे केसाला 'हॉर' म्हणतात आणि जवसाला जवळजवळ तसाच शब्द आहे, ओठ गोल करून म्हणायचा. सर म्हणायचे, "हे दोघं भाऊबहीण आहेत का नुसते शेजारी, यावर पंडितांचं भांडण चालू आहे." त्यांना ते भांडण मिटायला नको होतं, असं मला वाटायचं.

मुख्याध्यापक गोंदिया शहराचे, हिंदीत बोलणारे. एकदा ते वर्गाच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "रामटेके सर, कोर्स कब पूरा होगा?" सर त्या वेळी 'लाइन' या शब्दावर होते. लॅटिनमध्ये जवसाला लिनुम म्हणतात, त्याच्या दोरीवरून लाइन आली, हे सांगत होते. तेवढ्यात बालाघाटकडे जाणाऱ्या छोट्या लाइनच्या, म्हणजे अरुंद रुळांच्या, गाडीने शिटी दिली. सर वर्गाला म्हणाले, "ऐका. आपली छोटी लाइनही जवसाची." मग दाराकडे वळून म्हणाले, "झालाच सर, एक शब्द राहिला." मुख्याध्यापक हात जोडून निघून गेले.

हे सगळं ते वर्गात शुद्ध मराठीत आणि नेटक्या इंग्रजीत बोलायचे. घरी मात्र आमच्या भागातली झाडीबोली. घरी शिकवायला त्यांना कोणी सापडत नसे, कारण त्यांच्या पत्नी, विमलवहिनी, ऐकून घेणाऱ्या नव्हत्या. "अजी, तुमचा शब्द ठेवा उतरून आन् पाणी आणा," असं त्या म्हणायच्या. सर बादली उचलायचे.

वहिनींबद्दल दोन गोष्टी सांगायला हव्यात. एक त्यांचा आवाज. मुर्रीच्या बुद्धविहारात दर पौर्णिमेला वंदना त्या सुरू करायच्या. माईक लागत नसे. पहिली ओळ त्या एकट्या म्हणायच्या आणि दुसऱ्या ओळीला सगळ्या बायका त्यांच्यामागे यायच्या. दुसरी गोष्ट केस. गुडघ्याच्या थोडे वर येणारे, काळेभोर. न्हाण्याच्या दिवशी त्या अंगणात खाटेवर आडव्या पडायच्या आणि केस खाटेखाली टोपलीत पसरून वाळवायच्या. बाजूच्या मुली बघायला यायच्या.

एका पावसाळ्यात वहिनींना टायफॉईड झाला. बऱ्या झाल्या, पण दिवाळीच्या सुमाराला केस जाऊ लागले. मूठमूठ जायचे. शेवटी उरलेले त्यांनी स्वतःच कात्रीने कापले, पदर डोक्यावरून घट्ट ओढला आणि घराबाहेर पडणं बंद केलं. पौर्णिमा आली. विहारात दुसऱ्या बाईने वंदना सुरू केली. ती फार वर लागली आणि मध्येच तुटली. वहिनींना ती घरात ऐकू आली असणार, विहार चार घरं पलीकडेच होता.

मी भेटायला गेले तेव्हा त्या चुलीपाशी बसल्या होत्या. मी म्हटलं, "वहिनी, केस येतील परत. टायफॉईडनंतर येतातच."

"येतील तवा येतील," त्या म्हणाल्या. "आत्ता काय डोस्क्यावर नारळ घेऊन जाऊ?"

"गंगावन लावा."

"कोणाचे केस राहतेत ते मॅडम? कोण्या बाईनं कायले इकले असतील? मी नाई लावत. आन् नायलॉनचं तर दुरून चमकते, बाहुलीवानी."

सर खाली बसून शेंगा सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही. चष्मा मात्र काढून पुसला.

त्याच आठवड्यात त्यांनी शेतात जवस टाकला. आमच्याकडे जवस उभ्या धानातच फेकतात. धान कापून झालं की जमिनीत जी ओल उरते, तिच्यावर तो वाढतो, विरळ आणि बुटका, खूप फांद्यांचा. बोंडं जास्त, तेल जास्त, म्हणून तोच चांगला. सरांना फांद्या नको होत्या, उंची हवी होती. दाट पेरला की रोपं एकमेकांशी चढाओढ करून सरळ वर जातात, असं त्यांनी वाचलं होतं. शेजारच्या सोमाजीने बांधावरून पाहिलं आणि विचारलं, "सर, पेरून राहिले का सांडून राहिले?"

सोमाजी ढिवर, म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजाचा. सरांच्या शेताला लागून एक बोडी होती, म्हणजे लहानसं तळं. पाणी दोघांचं आणि मासे सोमाजीचे, असं त्यांचं बरीच वर्षं ठरलेलं.

माघात सरांनी मला सांगितलं, "मॅडम, उद्या रविवार आहे, सकाळी सातला या. नऊला आल्या तर काही दिसणार नाही." मी रिक्षाने गेले. धुकं होतं. बांधावर चढले आणि पाहते तर समोर शेत नाही, निळं पाणी आहे. जवस फुलला होता. इतका दाट मी कधी पाहिला नव्हता. वारा नसतानाही ते पाणी हलल्यासारखं वाटत होतं, बहुधा धुकं हलत असेल. ऊन चढू लागलं तशी एकेक पाकळी सुटायला लागली, आणि थोड्या वेळाने तिथे नुसतं हिरवं शेत होतं. जवसाचं फूल सकाळपुरतंच असतं. मी परत निघाले तेव्हा कोणी विचारलं असतं की काय पाहून आलीस, तर मला नीट सांगता आलं नसतं.

जवस पिवळा पडायला लागला तेव्हा सरांनी तो विळ्याने कापला नाही, मुळासकट उपटला. बोंडं अजून कच्ची होती. वर्षाच्या तेलावर पाणी सोडलं, असं लोक म्हणाले. उपटलेल्या पेंढ्या त्यांनी बांधल्या, वर दगड ठेवले आणि बोडीत बुडवल्या. देठातला धागा सुटायला तो पाण्यात कुजवावा लागतो. हे सगळं युरोपच्या पुस्तकांत होतं.

सहा-सात दिवसांनी पाण्याला वास सुटला. मग मासे वर आले, पोट वर करून.

सोमाजी सरांच्या अंगणात येऊन उभा राहिला. मी त्या दिवशी वहिनींना दही द्यायला गेले होते, म्हणून हे मला माहीत आहे. वहिनी आतल्या खोलीत होत्या.

"सर, बोडीत कोण कुजवते?" सोमाजी म्हणाला. "लहानपणी तुमीबी दोरासाठी अंबाडी कुजवली हाये. कुठं कुजवत होतो आपण? वाहत्या नाल्यात. का नाई?"

"नाल्यात," सर म्हणाले.

"मंग बोडीत काऊन टाकला?"

सर चष्मा पुसायला लागले.

"काय करून राहिले तुमी ह्या जवसाचं? तेल नाई, चटणी नाई. कायले?"

सर पायाकडे पाहत म्हणाले, "घरवालीच्या केसासाठी."

आत एक भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. सोमाजीनेही तो ऐकला. त्याने दरवाज्याकडे पाहिलं, मग सरांकडे. एकदम त्याचा आवाज खाली आला. "आधी सांगाचं ना बाप्पा," तो म्हणाला. "चाला. अजून नाल्याले पाणी हाये."

मेलेले मासे सरांनी स्वतः टोपलीत गोळा केले. पुढच्या पावसाळ्यात बोडीत माशांचं नवं बीज त्यांनीच सोडलं. त्या दिवशी मात्र दोघांनी पेंढ्या उचलून नाल्यावर नेल्या. निम्म्या वाया गेल्याच होत्या. उरलेल्या वाहत्या पाण्यात दोरीने बांधून ठेवल्या. शाळा सुटली की सर नाल्यावर जायचे. सोमाजी जाळं घेऊन तिथेच असायचा. दोघं काठावर बसलेले मी एकदा पुलावरून पाहिले. सर हातवारे करून काहीतरी सांगत होते आणि सोमाजी जाळ्याच्या गाठी मारत होता. नंतर मी विचारलं की काय सांगत होतात, तर म्हणाले, "रशियन. केसाला व्होलस आणि धाग्याला व्होलोक्नो. तो म्हणाला, बरोबर हाये, दोन्ही गुंततेत."

मग पेंढ्या वाळवल्या, मोगरीने कुटल्या, भुसा झटकला. सरांनी एका फळीला खिळे ठोकले आणि त्यावरून त्या ओढल्या. आणि एका संध्याकाळी ते वर्तमानपत्राची सुरळी घेऊन माझ्या घरी आले.

"मॅडम, जरा दिवा लावा," म्हणाले.

मी दिवा लावला. त्यांनी टेबलावर कागद उलगडला. आत हातभर लांबीचा झुपका होता. फिका सोनेरी, गार, पाण्यासारखा घसरणारा. 'फ्लॅक्सन हेअर' हे शब्द आम्ही दोघांनी आयुष्यभर शिकवले होते. मी मुलांना अर्थ लिहून द्यायचे: सोनेरी केस. पाहिलेलं कोणीच नव्हतं, ना तसा केस, ना तसा जवस. मी तो हातात घेतला. माझ्या स्वयंपाकघरात एकदम कोणीतरी परकी मुलगी येऊन बसल्यासारखं वाटलं. सर म्हणाले, "एवढे दिवस हा आपल्या शेतात होता. आपण बोंडं काढून देठं चुलीत जाळत होतो." मी हळूच विचारलं, "पण सर, वहिनींना सोनेरी कसं चालेल?" ते म्हणाले, "तेच विचारायला आलो."

उत्तर वहिनींनी दिलं. सरांनी त्यांना तो झुपका दाखवला तेव्हा त्या खूप हसल्या. आजारपणानंतर पहिल्यांदा. "हे काय, इंग्रजाच्या बायकोची शेंडी आणली काय?" मग हातात घेऊन पाहिलं, बोटांनी विंचरलं, वास घेतला. "रंग तुमाले नाई जमाचा," म्हणाल्या. "दरेकसाहून हिरडा आणा. आन् लोखंडाची कढई काढा." हिरडा लोखंडात उकळला की काळा रंग उतरतो, हे त्यांना आईकडून माहीत होतं. सर रविवारच्या गाडीने दरेकशाला गेले आणि जंगलातून हिरड्याची पिशवी घेऊन आले. चूल आत पुरत नव्हती म्हणून वहिनींनी कढई अंगणात मांडली. डोक्यावर पदर होताच, पण त्या बाहेर आल्या, दिवसाउजेडी, आणि तीन-चार तास काठीने ढवळत बसल्या. येणारेजाणारे थांबून विचारायचे. त्या म्हणायच्या, "भाजी हाये." काळी भाजी कोण करतं, हे कोणी विचारलं नाही.

झुपक्याला झुपका जोडून वहिनींनी लांब वेणी घातली. तिचं वरचं टोक सोमाजीने बांधलं, जाळ्याची गाठ मारून. ती सुटत नाही.

वैशाखी पौर्णिमेला मी मुद्दाम मुर्रीला गेले. विहारात पांढऱ्या साड्यांची गर्दी होती. वहिनी आल्या. डोक्यावर पदर नव्हता. मागे, नव्या आखूड केसांत खोवलेली, कमरेपर्यंत काळी वेणी. जवस केसापेक्षा जड असतो, त्यामुळे त्यांची मान अगदी ताठ होती, आणि ते त्यांना शोभत होतं. सर मागे पुरुषांच्या ओळीत बसले. तिथून त्यांना फक्त ती वेणी दिसत असणार. ते चष्मा पुसत होते.

वहिनींच्या शेजारची बाई वाकून म्हणाली, "विमलबाई, लय लवकर आले वो केस."

मला वाटलं आता त्या हो म्हणतील. एवढी खटपट त्यासाठीच होती. इतका काळा रंग, इतकी घट्ट गाठ, कोणाला कळू नये म्हणून. वहिनींनी वेणी पुढे घेतली, तिच्या हातात दिली आणि नेहमीच्या आवाजात, म्हणजे सगळ्या विहाराला ऐकू जाईल अशा, म्हणाल्या, "केस नाई बाई, जवस हाये. आमच्या सरानं केला."

मग एकीने हात लावून पाहिला, मग दुसरीने. एक म्हातारी म्हणाली, "माह्या घरी तर नुसती चटणीच झाली वो जवसाची." बायका हसल्या. वहिनीही हसल्या. मग त्यांनी हात जोडले, डोळे मिटले आणि पहिली ओळ सुरू केली. आवाज तसाच होता. दुसऱ्या ओळीला सगळ्या त्यांच्यामागे आल्या.

पुढच्या पौर्णिमेला त्या वेणी न लावता आल्या. चार बोटांचे केस, तेल लावून चापून बसवलेले. मी विचारलं तर म्हणाल्या, "आता सगळ्याईले मालूमच हाये. उगाच मान दुखवाची कायले?" सरांना वाईट वाटलं असेल का, असं माझ्या मनात यायचं. पण त्या दिवसानंतर वर्गात ते जवसाच्या शब्दांवर जास्त वेळ थांबत नसत. सांगायचे आणि पुढे जायचे. त्यांचा अभ्यासक्रम त्या वर्षी वेळेत संपला.

सर निवृत्त झाले, मीही झाले. मग तुमचे बाबा तिकडे गेले, तिकडच्या आईचे सोनेरी केस घेऊन तुम्ही जन्मलात. सरांना मी शेवटचं पाहिलं ते एका हिवाळ्यात. बिरसीच्या वैमानिक शाळेची छोटी विमानं डोक्यावरून घिरट्या घालत होती. मुर्रीत त्यांच्या शेतापर्यंत घरं आली होती. सर ओसरीत खुर्चीवर बसले होते, फार वाळलेले. वहिनी खालच्या पायरीवर. त्यांचे केस खांद्यापर्यंत आले होते आणि निम्मे पांढरे झाले होते. सर फणीने ते विंचरत होते, अगदी सावकाश. सायकल चालवायचे तसे. मला पाहून त्यांनी फणी थांबवली नाही.

"मॅडम, त्या दोघांचं अजून ठरलं नाही," म्हणाले. "केस आणि जवस. भाऊबहीण का शेजारी."

"तुम्हाला काय वाटतं?" मी विचारलं.

त्यांची फणी थांबली. वहिनी म्हणाल्या, "अजी, हात चालवा. थंडी वाजून राहिली." त्यांनी फणी पुन्हा चालवली. ऊन त्यांच्या हातावर होतं. उत्तर द्यायचं ते विसरले, आणि मीही पुन्हा विचारलं नाही.

सर पुढच्या उन्हाळ्यात गेले. जवसाची वेणी पेटीत होती, ती उंदरांनी कुरतडली. बोडी बुजली आणि तिच्यावर घरं झाली. शब्दकोश कोणाकडे गेला ते मला ठाऊक नाही. विमलवहिनी मुर्रीतच आहेत, आणि पौर्णिमेला विहारात वंदना अजून त्याच सुरू करतात.